तारीख दिली आणि कारणही लिहून दिलं: सांगलीतल्या वीज तपासणीवाल्यांचा अनुभव

हरिपूर रस्त्याला आमचं मंगल कार्यालय आहे. मामंजींनी बांधलं, आता कारभार मी बघते. विजेच्या सुरक्षा तपासणीसाठी आम्ही विश्रामबागच्या दोघांना बोलावलं होतं. एक महावितरणमधून निवृत्त झालेले काका आणि दुसरी त्यांची पुतणी, तीही इलेक्ट्रिकल इंजिनिअर. कार्यालय, शाळा, दवाखाना, गिरणी, हळदीचं गोदाम असं काहीही चालवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. यंत्रं लावून मोजमाप करणारे पुष्कळ मिळतात. या दोघांनी त्यापुढे जाऊन पुढची तपासणी कधी करायची, हे कार्यालयाच्या प्रत्येक भागासाठी वेगवेगळं सांगितलं आणि प्रत्येक तारखेपुढे तीच का, हे लिहून दिलं. माझ्या लेखी त्यांच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही.

आधी आमच्याकडे काय चालायचं ते सांगते. दरवर्षी एक माणूस यायचा, मीटरपाशी उभा राहून इकडेतिकडे बघायचा आणि एक शिक्क्याचा कागद द्यायचा. ‘तपासणी समाधानकारक, पुढील तपासणी एक वर्षाने.’ बोर्डाचं झाकण उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. पुढच्या वर्षी तोच मजकूर, फक्त साल बदललेलं. त्या ‘एक वर्षा’ला कसलाही आधार नव्हता. भटारखान्यात पाणी सांडतं, तिथलं आणि वरच्या मजल्यावर वधूपक्षाच्या कोरड्या खोल्यांतलं वायरिंग एकाच वेगाने कसं खराब होईल? तरी दोन्हींना मुदत एकच.

हे दोघे आले तेव्हा पहिला बराच वेळ त्यांनी यंत्रांची पेटी उघडलीच नाही. पुतणी वही घेऊन प्रश्न विचारत होती. वायरिंग कोणत्या साली झालं, नंतर कुठे जोडकाम झालं, मोसमात किती लग्नं होतात, डेकोरेशनवाले लाईट कुठून घेतात, जनरेटर कोण चालू करतं, छताच्या पीओपीवर उंदीर आहेत का, २०१९ च्या पुरात पाणी किती चढलं होतं आणि किती दिवस राहिलं होतं, मागचे तपासणीचे कागद आहेत का. शेवटच्या प्रश्नावर मी तो शिक्क्याचा कागद दाखवला. तिने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, “ताई, यात एकही आकडा नाही. तुलना कशाशी करायची?”

मग तिने समजावलं. पुढच्या तपासणीपर्यंत किती अंतर ठेवायचं, ते जागा आणि उपकरणं कोणत्या प्रकारची आहेत, वापर कसा आहे, देखभाल किती वेळा आणि किती चांगली होते, आणि ऊन, पाणी, धूळ यांचा मारा किती आहे, यावर ठरवायचं. शिवाय मागच्या अहवालात काय सापडलं तेही धरायचं. आपलं वायरिंगचं मानक, आयएस ७३२, २०१९ साली नव्याने आलं. ते ज्या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं आहे, त्यात हेच म्हटलं आहे. ब्रिटनमधल्या मार्गदर्शिकेत सुरुवातीला धरायचे आकडे दिलेले आहेत: घराला दहा वर्षं, दुकान-ऑफिसला पाच, लोक जमतात अशा करमणुकीच्या जागांना तीन, पोहण्याच्या तलावाला एक, बांधकामाच्या जागेला तीन महिने. काका म्हणाले, “हे आकडे नुसते पहिल्या खेपेसाठी. पुढचं अंतर तुमच्या जागेने सांगायचं. आणि तिकडे आपल्यासारखं चाळीस अंशांचं ऊन नाही.”

कायद्याची मुदत आणि शिफारस यांतला फरकही मला तेव्हाच नीट कळला. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत दोन तपासण्यांमध्ये पाच वर्षांपेक्षा जास्त अंतर नको, असं होतं. २०२३ ला नवे नियम आले, तरी कार्यालयवाल्यांच्या तोंडी अजून तोच आकडा असतो. पण पाच म्हणजे जास्तीत जास्त. त्याच्या आत आपल्या जागेला किती, हे तपासणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर लिहायचं असतं. बहुतेक जण ती जबाबदारी घेत नाहीत, म्हणून सरसकट ‘एक वर्ष’ लिहून मोकळे होतात.

आता प्रत्यक्ष काय सापडलं आणि त्यावरून तारखा कशा निघाल्या, ते लिहिते.

हॉलमधल्या लायनी मेगरने पाचशे व्होल्टवर तपासल्या. वायरचं आवरण शाबूत आहे का, ते यातून कळतं. कमीत कमी एक मेगाओहम हवा, आमच्या हॉलमध्ये सगळीकडे शंभराच्या वर आला. २०१९ च्या पुरानंतर आम्ही तळमजल्याचं सगळं वायरिंग नवीन केलं होतं आणि मेन पॅनेल वरच्या मजल्यावर नेलं होतं, त्याचा हा फायदा. हॉलला तीन वर्षांची तारीख मिळाली. पुढे कारण लिहिलं होतं: ‘वायरिंग नवीन, रीडिंग उत्तम, परंतु गर्दीची जागा आणि बाहेरच्या लोकांकडून वारंवार जोडणी, म्हणून पाच नाही.’

लॉनवरच्या दिव्यांचं रीडिंग तीन मेगाओहम आलं. म्हणजे पास. शिक्केवाला असता तर खूण करून पुढे गेला असता. पुतणीने मला थांबवून दाखवलं की ही तपासणी फेब्रुवारीत, जमीन वाळत आलेली असताना होते आहे. लॉनची केबल जमिनीखालून जाते आणि ती पुराच्या पाण्यात राहिलेली जुनीच केबल आहे. कोरड्या दिवसांत तीन असेल तर पावसाळ्यानंतर एकच्या खाली जाऊ शकते. म्हणून लॉनला तारीख दिली ऑक्टोबरची, पाऊस ओसरल्यावर आणि तुळशीची लग्नं लागून आमचा मोसम सुरू व्हायच्या आधी. ऑक्टोबरमध्ये मोजलं तेव्हा ०.७ आलं. जमिनीतल्या एका जॉइंटमध्ये पाणी शिरलं होतं. केबल बदलली. त्या लॉनवर नवऱ्या मुलाच्या गाडीमागे लहान मुलं अनवाणी पळत असतात. एक वर्षाने बघू म्हटलं असतं तर लग्नाचा अख्खा मोसम त्या केबलवर गेला असता.

भटारखान्याचा किस्सा मोठा आहे. तिथल्या सब-बोर्डात गळतीचा करंट ओळखून लाईट तोडणारी आरसीसीबी बसवलेली होती, तीस मिलिअँपिअरची. बटण दाबलं, पडली. मला वाटलं झालं. काकांनी बोर्ड उघडला तर वाटपाच्या ग्राइंडरची लाईन आरसीसीबीला वगळून परस्पर जोडलेली होती. कुणीतरी, कधीतरी, ऐन लग्नात ती सारखी पडते म्हणून केलेली सोय. ग्राइंडरच्या लायनीचं रीडिंग आलं ०.४. ओल्या फरशीवर उभं राहून बाया त्या ग्राइंडरमध्ये हात घालतात. मी तिथेच आचाऱ्यांना सांगून तो बंद करायला लावला.

अहवालात भटारखान्यापुढे पुढच्या तपासणीची तारीखच नव्हती. तिथे लिहिलं होतं, ‘दुरुस्ती होईपर्यंत तारीख देता येत नाही. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजणी, मग तारीख.’ आमचे भावोजी यावर नाराज झाले. एवढी फी घेतली आणि तारीख देत नाहीत, मग कागद दाखवायचा कुणाला, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र तो रिकामा रकाना त्या अहवालातली सगळ्यात प्रामाणिक जागा वाटली. जी गोष्ट आजच धोक्याची आहे तिला ‘पुढच्या वर्षी बघू’ कसं लिहायचं? तारीख लिहिली की वाचणारा समजतो, तोवर चालेल. भावोजींना काकांनी स्वतः हे समजावलं, घाई न करता, चहा घेत. मग दुरुस्तीचा खर्च भावोजींनीच उचलला, हे आवर्जून सांगते.

दुरुस्तीत ग्राइंडर, डीप फ्रीजर आणि पाण्याची मोटर या तिन्हींना वेगवेगळ्या आरसीसीबी दिल्या, म्हणजे एकात गळती झाली तर सगळा भटारखाना अंधारात जात नाही आणि कुणाला जोडजुगाड करायची इच्छाही होत नाही. नंतर यंत्राने पुन्हा तपासलं. पंधरा मिलिअँपिअरला पडायला नको, तीसला तीनशे मिलिसेकंदांच्या आत पडायला हवी. तिन्ही व्यवस्थित पडल्या. मग भटारखान्याला एक वर्षाची तारीख मिळाली आणि बटण दाबून बघण्याचं काम दर महिन्याला आमच्या माणसावर सोपवलं. हे काम करायला इंजिनिअर लागत नाही. पण बटण दाबलं म्हणून यंत्राची तपासणी टळत नाही, हेही बजावलं. बटणाने आतली यंत्रणा हलते एवढं कळतं. किती करंटला आणि किती वेळात पडली, ते कळत नाही. आमच्याकडे तर बटण ठणठणीत चालत होतं आणि ग्राइंडर त्याच्या बाहेरच होता.

अर्थिंगबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या काळ्या मातीत याला फार महत्त्व आहे. आमचे दोन खड्डे आहेत, मीठ-कोळशाचे, जुने. फेब्रुवारीत दोन खुंट्या रोवून मोजलं तर एकाला दोन ओहम, दुसऱ्याला जवळपास पाच. इथे आकडा जितका कमी तितकं चांगलं. काका म्हणाले, हे आकडे धरून चालू नका, जमिनीत खोलवर अजून ओल आहे. मेमध्ये काळ्या रानाला भेगा पडतात तेव्हा मोजू. वीज पुरवणाऱ्या कंपनीच्या अर्थिंगसाठी नियमांतच लिहिलेलं आहे की कोरड्या ऋतूतल्या कोरड्या दिवशी मोजायचं, दोन वर्षांतून निदान एकदा. त्यामागचं कारण तेच. पावसाळ्यात मोजलं तर कुठलाही खड्डा चांगलाच दिसणार. मेमध्ये पहिला तीनवर होता, दुसरा आठच्या पुढे गेला. मिठाने पाइप खाल्ला होता. पहिल्या खड्ड्याला दोन वर्षांनंतरच्या मेची तारीख; दुसरा नव्याने केला आणि त्याला पुढच्याच मेची, कारण नवीन खड्ड्याचा एक उन्हाळा बघायला हवा. तारखेत नुसतं वर्ष नव्हतं, महिनाही ठरवून दिलेला होता. हे मला फार पटलं.

एक तपासणी त्यांनी भर रिसेप्शनच्या संध्याकाळी केली. एसी, डेकोरेशन, साउंड सगळं चालू असताना पॅनेलवर थर्मल कॅमेरा धरला. बाकीच्या जोडण्या पंचेचाळीस अंशांच्या आसपास होत्या, एसीच्या एका फेजचं थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेलं धातूचं टोपण, नव्वदीवर. अॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीवर थेट आवळलेली होती. दोन धातूंमध्ये लागतो तो वॉशर नव्हता. लोड नसताना हे कुणालाही दिसलं नसतं. न्यूट्रलचा करंटही त्याच वेळी मोजला. तीन फेजवर लोड सारखा वाटला की न्यूट्रलमध्ये फार काही उरत नाही, असं वायरमन सांगतात. पण एलईडीचे दिवे आणि डिमर यांच्यामुळे तसं राहत नाही. त्यांच्यातला काही करंट एकमेकांना कापत नाही, न्यूट्रलमध्ये जमा होतो. आणि न्यूट्रल सैल होऊन सुटला तर दोनशे तीसच्या उपकरणांवर चारशेच्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं. पॅनेलला हॉलप्रमाणे तीन वर्षांची तारीख दिली, पण लोडवरची थर्मल तपासणी वर्षाला, ऐन मोसमात. ते थिंबल बदलल्यावर त्या एका जोडणीसाठी सहा महिन्यांची.

मांडववाल्यांच्या आणि डेकोरेशनवाल्यांच्या तात्पुरत्या जोडणीला तारीख नाही, कारण ती दर लग्नाला नवीन असते. त्यासाठी एक पानाची मराठी यादी करून दिली आणि जोडणीसाठी लॉनवर व स्टेजमागे सॉकेटचे स्वतंत्र बोर्ड करायला सांगितले, आरसीसीबीसकट. आता वायरी सोलून पॅनेलात खुपसायची परवानगी कुणालाच नाही. सुरुवातीला दोन-तीन डेकोरेशनवाले कुरकुरले, मग प्लग घेऊन यायला लागले. वरच्या खोल्या आणि गिझर यांना तीन वर्षं मिळाली. मागच्या बाजूला आम्ही राहतो ते घर नव्वदीतल्या वायरिंगचं, म्हणून मार्गदर्शिकेतल्या दहाऐवजी पाच. जनरेटरवर लाईट वळवणाऱ्या चेंजओव्हर स्विचची तपासणी वार्षिक सर्व्हिसिंगबरोबर.

सगळ्या तारखांच्या खाली जाड अक्षरांत एक ओळ आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला पोहोचलं की तळमजल्याची आणि लॉनची लाईट मेनवरूनच बंद करायची. पाणी आवारात शिरलं तर जिथे शिरलं त्या भागाच्या सगळ्या तारखा रद्द, पुन्हा मोजल्याशिवाय चालू करायचं नाही. २०१९ ला कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा शहरात पाणी आलं. गावभागापासून हरिपूरपर्यंत पाणी उतरल्यावर पहिली घाई असते ती लाईट चालू करायची. चिखल धुवायला मोटर लागते. नेमका तोच क्षण सगळ्यात धोक्याचा. पूर हे तारीख मोडण्याचं कारण म्हणून लिहून देणारा तपासणीवाला मला पहिल्यांदाच भेटला. अशा इतर कारणांचीही नोंद आहे: नवीन एसी बसवला, मंजूर लोड वाढवला, आग किंवा मोठा शॉर्ट झाला, तर त्या भागाची तारीख संपली.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. अहवाल यायला फार वेळ लागला. भटारखान्याचं तोंडी लगेच सांगितलं हे खरं, पण बाकीचा कागद मोसम निम्मा सरल्यावर हातात पडला. मूळ अहवाल इंग्रजीत होता. मराठी पान मागितल्यावर मिळालं, खरं तर न मागता मिळायला हवं, कारण रोज बोर्डापाशी उभा राहणारा माणूस तो इंग्रजी अहवाल वाचणार नाही. बोर्डांवर तारखांचे स्टिकर लावले होते, तपासणी कधी झाली आणि पुढची कधी, मराठीत. कल्पना उत्तम, पण भटारखान्यातला स्टिकर तेल-वाफेने लगेच गळला. सांगितल्यावर कोरलेली पट्टी लावून दिली. ते स्वतः दुरुस्ती करत नाहीत, त्यासाठी वेगळा ठेकेदार शोधावा लागतो. यात तुमची धावपळ होते, पण तपासणाराच दुरुस्तीचे पैसे घेणारा नसला की त्याने दाखवलेल्या दोषावर विश्वास बसतो, म्हणून ही धावपळ मला मान्य आहे.

एका बाबतीत मी त्यांच्याशी अजूनही सहमत नाही. हॉलला तीन वर्षं मला जास्त वाटतात. बाहेरची माणसं स्टेजमागे काय करून जातात, ते मी रोज बघते. मी तसं म्हटलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही; वायरिंगच्या रीडिंगवरून तीनच निघतात, पण तुमची काळजी वापराबद्दलची आहे, असं म्हणून दर चातुर्मासात नुसत्या डोळ्यांनी पाहणीची नोंद घातली. मी तरी दोन वर्षांनी मेगर लावून घेणार आहे.

फी सगळी मिळून १८,००० आणि वर जीएसटी. मेमधली आणि ऑक्टोबरमधली मोजणी त्यातच धरलेली होती. शिक्क्याच्या कागदाच्या कितीतरी पट आहे. लायनींच्या संख्येवर आकारतात, त्यामुळे लहान दुकानाला बरंच कमी पडेल.

बोलवायचं असेल तर आषाढी एकादशीनंतर फोन करा, तेव्हा कार्यालयांचा मोसम नसतो आणि त्यांना सवड असते. फक्त अर्थिंगसाठी मे महिना आधीच सांगून ठेवा. ते यायच्या आधी वायरिंगचा जुना नकाशा, मोटरची आणि जनरेटरची बिलं, असतील तर मागची रीडिंगं काढून ठेवा. छताच्या पीओपीचं झाकण उघडायला सुताराला सांगून ठेवा, नाहीतर त्या भागापुढे ‘पाहता आला नाही’ असं लिहितात आणि त्याला तारीख देत नाहीत.